मंगळावरचा कालवा

मंगळावर कुणी राहतं का, हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांनी विचारला की आता त्याचा वीट आला आहे. मी छत्तीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं. त्यामुळे लग्नाची पंगत असो नाहीतर दवाखान्यातला बाक, कुणी ओळखीचं भेटलं आणि पेपरात तसलं काही छापून आलेलं असलं, की "काय हो बाई, आहे का तिकडं कुणी?" हे ठरलेलं. माझं उत्तरही ठरलेलं. अजून काही सापडलेलं नाही, शोधताहेत. गुरूच्या आणि शनीच्या एकदोन चंद्रांवर बर्फाखाली पाणी असावं असं म्हणतात. असलंच तर तिथं काही बारीकसारीक जीव असतील, डोळ्यांना न दिसणारे. एवढं सांगून मी विषय बदलते. लोकांना वाटतं, बाई म्हातारपणी तुसड्या झाल्या. तुसडी मी पहिल्यापासूनच आहे. पण या प्रश्नापायी माझ्या वडिलांचं काय झालं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ज्यांना सांगायचं ती माणसंही एकेक करून संपत आली. हात दुखतो, चार ओळी लिहिल्या की डोळ्यांतून पाणी यायला लागतं, तरी हे एवढं एकदा उरकून टाकायचं ठरवलं आहे.

तेव्हा मी बारामतीला आत्याकडे शिकायला होते. आत्या म्हणजे तात्यांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला. त्याच्या माघारी कालव्याच्या खालच्या अंगाला असलेलं पाऊण एकराचं रान तिनं एकटीनं पिकवलं. मेथी, कोथिंबीर, वांगी, बांधाकडेला घेवडा. पहाटे चारला ती मला हाक मारायची. एकदाच. दुसरी हाक मारायची वेळ आली तर पांघरूण ओढून न्यायची. मग कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघी समोरासमोर बसून आदल्या संध्याकाळी उपटलेल्या मेथीच्या जुड्या बांधायचो. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याच्या पट्ट्या काढायच्या, मुठीत मावेल एवढी मेथी घ्यायची, मुळं एका बाजूला करायची, दोन वेढे, एक गाठ. सोपटानं बोटं गार पडायची आणि मेथीनं हिरवी व्हायची. तो हिरवा रंग काही केल्या शाळेची वेळ होईपर्यंत निघायचा नाही. उजाडता उजाडता पाटी डोक्यावर घेऊन मंडईत जायचं, आत्याशेजारी उभं राहून ओरडायचं, माल खपला की घरी येऊन हुलग्याचं गरम माडगं प्यायचं आणि शाळा गाठायची. त्या माडग्याची चव मला अजून आठवते. सोबत सांडगी मिरची तळून ठेवलेली असायची, ती चुरून टाकली की घशात जरा जाग यायची. एरवी मी सदा पेंगत असायचे. त्या तीन वर्षांत एकदा तरी पुरती झोप झाल्याचं मला आठवत नाही, आणि आज वाट्टेल तेवढा वेळ असून झोप येत नाही.

आई, दोघे धाकटे भाऊ आणि तात्या शेळगावच्या पुढं कालव्याच्या चौकीत राहत. तात्या पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडझाक करणारा, पाण्याची पाळी कुणाची आणि किती वेळ हे सांभाळणारा माणूस. त्यांच्या वाट्याला कालव्याचं शेपूट आलं होतं. तिकडं त्याला सगळे टेलच म्हणत. कालव्याच्या तोंडाकडच्या लोकांनी भरपूर घेऊन, मधल्यांनी चोरून, उंदराच्या बिळांनी आणि उन्हानं आपापला वाटा काढून जे उरे ते टेलला पोचायचं. कधी पोचायचंही नाही. मग लोक कुणाला धरणार? पाटकऱ्याला. तात्या रोज खाकी कपड्यांत, खांद्यावर दारं फिरवायची लोखंडी चावी घेऊन मैलोन्‌मैल काठानं चालत. संध्याकाळी चौकीच्या पायरीवर बसले की वहाणा काढायलाही त्यांना वेळ लागे. आई म्हणायची, "आदी पानी घ्या, मग बसा." ते म्हणायचे, "आदी बसतो." माझ्या आठवणीतले तात्या बहुतेक वेळा असे बसलेलेच आहेत.

शिक्षण तिसरीपर्यंत. आकडे आणि सही येत होती, आणि त्या नोकरीला तेवढं पुरायचं. टेलच्या दाराशी दगडात मापाची पट्टी बसवलेली होती. तिच्यावर पाणी कितीवर आहे ते दिवसातून दोनदा वहीत लिहायचं हे त्यांचं काम. त्या आकड्यांवर पुढची सगळी भांडणं तुटत. एकदा दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन चौकीसमोर उभे राहिले होते. एक म्हणत होता माझ्या पाळीला पाणी आलंच नाही, दुसरा म्हणत होता आलं होतं. त्या दिवशी कालव्याचे साहेब जीपमधून नेमके तिथं आलेले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटकऱ्याला विचारा." तात्या म्हणाले, "चार बोटं हुतं. दुपारपातूर." बस्स. साहेबांनी वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. कुऱ्हाडवाले दोघंही गुपचूप परत गेले. चार बोटं हा आकडा दोघांनाही सोयीचा नव्हता, तरी खरा होता हे दोघांना ठाऊक होतं. तात्यांना दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागत, पण खोटारडा अशी शिवी मात्र त्यांना कुणी दिली नाही. माझ्या वडिलांकडे या जगात तेवढी एकच गोष्ट होती.

मी अकरावीत होते त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. गणपतीच्या दिवसांत दिवेलागणीनंतर पूर्वेला तो असा काही लाल दिसायचा की बाजारातून परतणारी माणसंही थबकून वर बघायची. आत्याला तो मुळीच आवडत नव्हता. "लग्नाच्या पोरीनं त्येच्याकडं बघू न्हाय," असं म्हणून ती मला आत हाकलायची. आमचे शास्त्राचे मास्तर मात्र वेडे झाले होते. त्यांच्याजवळ पितळेची एक जुनी दुर्बीण होती, म्हणून सगळी शाळा त्यांना दुर्बीण मास्तर म्हणायची. त्यांनी आम्हाला एका संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर नेऊन मंगळ दाखवला. मला एक थरथरणारा तांबडा ठिपका दिसला. पण मास्तर सांगत होते ते ऐकून त्या ठिपक्यात काहीही दिसलं असतं. त्याच्या टोकांना पांढरं बर्फ आहे, उन्हाळ्यात ते वितळतं. मधे काळपट हिरवे पट्टे आहेत, ते ऋतूप्रमाणे वाढतात आणि ओसरतात, म्हणजे तिथं शेवाळासारखं काही उगवत असावं. आणि परदेशातल्या काही मोठ्या ज्योतिर्विदांनी मोठ्या दुर्बिणींतून पाहून तिथं सरळ सरळ रेघा काढल्या आहेत. बर्फाचं पाणी रखरखीत मुलखाकडे न्यायला तिथल्या शहाण्या प्राण्यांनी खणलेले कालवे असावेत ते, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमाराला शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती. गावातल्या एका व्यापाऱ्यानं मोठं बक्षीस ठेवलं होतं. पहिल्या आलेल्या मुलानं किंवा मुलीनं मॅट्रिक झाल्यावर पुण्याला कॉलेजात जावं, राहण्याचा आणि फीचा भार तो उचलणार. मास्तरांनी मला उभं केलं, कारण वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझा. मंडईत "घ्या मेथीऽ" ओरडून कमावलेला. विषय ठरला 'मंगळावर जीवसृष्टी आहे काय?' मी 'आहे' या बाजूनं बोलायचं. घरी सांगितलं तेव्हा आत्यानं जुडीची गाठ मारत मारतच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुसे, लोनी भापकरचं स्थळ आलंय. चांगली मान्सं हायती. पोरगा निर्वेसनी हाय. दिवाळी झाली की सुपारी फोडू म्हनत्यात." मी म्हटलं, "आन् बक्षीस मिळालं तर?" तिनं पुढची जुडी हातात घेतली. "मिळालं तर बघू," ती म्हणाली. "पर मी दमले बाई आता. तुला अजून कुठवर सांभाळू? तुझा बाप तितं टेलला, त्येला सवताचं सांभाळंना." आत्यावर राग धरावा असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं. ती खरंच दमली होती. पण एक पुरस्कार आणि एक सुपारी यांच्यामधे माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं आहे हे त्या पहाटे मला नीट कळलं, आणि मला भयंकर भीती वाटली.

मग मी भाषण पाठ करायला लागले. रान निंदताना, पाटी घेऊन जाताना, भांडी घासताना. शेजारपाजारच्या बायका येऊन ऐकत बसायच्या. बर्फाचं सांगितलं की त्यांचं लक्ष नसायचं. शेवाळाचं सांगितलं की एखादी जांभई द्यायची. पण कालव्याचा उल्लेख आला की सगळ्या सावरून बसायच्या. कालवा म्हणजे काय हे बारामतीच्या बाईला सांगावं लागत नाही. मग प्रश्नांची सरबत्ती. पाळी किती दिवसांची? टेलला पोचतं का? दारं कुणाच्या ताब्यात? एक म्हातारी तर हळहळली, "त्येंच्यात बी वरचं लोक खालच्याला पानी सोडत नसतील, बाई." मंगळावर माणसं आहेत की नाहीत हा वाद त्या अंगणात उरलाच नव्हता. कालवा आहे म्हणजे कुणीतरी खणलाय, खणलाय म्हणजे वस्ती आहे, वस्ती आहे म्हणजे भांडण आहे. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "मग कालवे शेवटाला घे," ते म्हणाले. "आपल्या लोकांना तेच पटणार." मी तसंच केलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तात्या आले. महिन्यातून एकदा मापाची वही कचेरीत द्यायला ते सरकारी सायकलवरून यायचे. पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. आत्यानं त्यांच्यापुढं भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांदा ठेवला. मी अंगणात उभी राहून भाषण म्हणून दाखवलं. ते खाली बघत जेवत होते. भाषण संपलं तसं आत्या म्हणाली, "कसं बोलतीया बघ पोरगी!" तात्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि विचारलं, "कुसे, ती रेघ सरळ हाय म्हनलीस?"

"व्हय. पट्टीनं आखल्यागत. शेकडो मैल."

"मग तो कालवा न्हवं."

मला वाटलं गंमत करताहेत. पण तात्यांना गंमत करता येत नव्हती. त्यांनी काठीनं मातीत रेघ ओढली. "पानी सरळ जात न्हाय, पोरी. उतार धरून जातंय. आपला कालवा बघ की. टेकाड आलं की वळसा, वढा आला की वळसा. सरळ न्हेला तर एक तर चढाला अडंल, न्हाय तर उताराला धावत सुटंल आन् काठ खाऊन टाकंल. सरळ कालवा असत न्हाय."

"तितली जमीन सपाट असंल."

"सपाट असंल तर पानी थांबंल. सपाटीला तळं हुतं, कालवा हुत न्हाय."

मला लगेच कळलं की ते खरं आहे. आणि म्हणूनच मला संताप आला. उद्या स्पर्धा, सगळं पाठ झालेलं, शेवट कालव्यांवर बांधलेला, आणि हे येऊन मातीत रेघा ओढतात! मी म्हटलं, "दुर्बिणीतनं बघनारी मोठमोठी विद्वान मानसं हायती ती. तुमी दारं उघाडनारं. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"कुसे! जीभ आवर," आत्या ओरडली.

"ऱ्हाऊ दे आक्का," तात्या म्हणाले. "दमलीया ती." आणि पायानं त्यांनी मातीतली रेघ पुसून टाकली.

मी त्यांची माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्या विद्वान माणसांच्या रेघा डोळ्यांचा भ्रम होता, हे पुढं मी वर्षानुवर्षं वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं. अंतराळयानं मंगळाजवळून गेली तेव्हा फोटो निघाले, त्यांत कालवे नव्हते. परवा माझ्या भाचीच्या मुलीनं मोबाईलवर मंगळाचे नवे फोटो दाखवले. फार जुन्या काळी वाहून गेलेल्या पाण्याच्या खुणा आहेत म्हणे त्या. मी चष्मा लावून पाहिलं. त्या खुणा वळणावळणाच्या आहेत. मुलगी विचारत होती, "आजी, रडतेस काय?" मी म्हटलं, डोळ्यांतून येतं पाणी, नेहमीचंच आहे.

स्पर्धा दुपारी शाळेच्या सभागृहात झाली. गाव लोटलं होतं. परीक्षक तिघं. तो व्यापारी, एक निवृत्त हेडमास्तर आणि कालव्याचे साहेब, तेच ते जीपवाले. मला वाटलं होतं तात्या सकाळीच परत निघाले असतील. पण माझा नंबर आला आणि मी व्यासपीठावर चढले तेव्हा ते दाराशी उभे दिसले, खाकी कपड्यांत, टोपी हातात धरून. भाषण फार चांगलं झालं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. भीती असली की माणूस चांगलं बोलतो. कालव्यांपाशी आले तेव्हा समोरची गर्दी पुढं सरकली. शेवटचं वाक्य संपलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं उभ्या असलेल्या आत्यानं डोळ्याला पदर लावलेला मला दिसला.

मग साहेबांनी हात वर केला. नियमाप्रमाणे परीक्षकांना एक प्रश्न विचारता येत होता. "मुली, छान बोललीस," ते म्हणाले. "एकच विचारतो. मंगळावरचे कालवे सरळ रेषेत आहेत म्हणालीस. मग आपला कालवा असा वळणं घेत का गेला? सरळ का नाही खणला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला आदल्या दिवशी अंगणात मिळालेलं होतं. ते दिलं असतं तर माझं भाषण मीच मोडलं असतं, आणि दिवाळीनंतर लोणी भापकर. नाही दिलं तर मी मठ्ठ ठरले असते, आणि तरी लोणी भापकरच. तोंड उघडेना. साहेब चांगले होते, मला अडचणीत टाकायचा त्यांचा हेतू नसावा. ते इकडंतिकडं बघायला लागले आणि त्यांची नजर दाराकडे गेली. "अरे, हिचे वडील तर आमच्याकडेच आहेत! पाटकरी, या की पुढं. लाजू नका. तुमचा जन्म कालव्यावर गेला. तुम्ही सांगा, असा सरळ कालवा असू शकतो?"

गर्दी बाजूला झाली. तात्या दोन पावलं पुढं आले. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही. विनवणीचाच असणार.

"असंल की, सायेब," तात्या म्हणाले.

"तो कसा काय?"

"तितली जमीन सपाट असंल. सपाटीला सरळ जातंय पानी."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पाटकरीच सांगतोय म्हटल्यावर कुणाला शंका उरणार? व्यापारी मान हलवत हसला, हेडमास्तर वहीत काहीतरी लिहायला लागले. साहेब मात्र हसले नाहीत. ते इंजिनिअर होते. सपाटीला पाणी काय करतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तात्यांनाही ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते तात्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग "बरं," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून त्यांनीही लिहिलं.

मी पहिली आले. आत्यानं लोणी भापकरला नकाराचा निरोप धाडला आणि रात्री गव्हाची खीर केली. पण तात्या खिरीला थांबले नव्हते. "अंधार पडायच्या आत जेवढी वाट काटता यील तेवढी काटतो," म्हणून ते सायकल घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "आवाज लई चांगला हाय तुझा. मागंपातूर आला." आणि सायकलवर बसून गेले.

दिवाळीला मी चौकीवर गेले. आई कडबोळी तळत होती, घरभर तेलाचा आणि तिळाचा वास. भावांनी फटाक्यांसाठी माझ्या पिशव्या चाचपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माप घ्यायला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. लहानपणापासून मला ते आवडायचं. टेलचं दार, पट्टीचा दगड, खाली काळसर पाणी. तात्या वाकले, आकडा पाहिला, वहीत लिहिला. तेवढ्यात काठावरून एक तरुण माणूस सायकलवरून आला. नव्या इस्त्रीची पँट, खिशाला पेन. त्यानं सायकल लावली, पट्टीशी वाकून तोच आकडा पुन्हा पाहिला, स्वतःच्या वहीत लिहिला आणि ती वही तात्यांपुढं धरली. तात्यांनी खाली सही केली. पलीकडच्या रानात पिकाला पाणी देत दारं धरून उभा असलेला एक शेतकरी हसून म्हणाला, "किसनराव, आता तुमचं बी माप काडाया लागलं व्हय?" तात्याही थोडं हसले.

"ह्यो कोन?" मी विचारलं.

"मोजनीदार. सायबांनी धाडलाय. रोज येतो."

"कदीपासनं?"

"गनपती झाल्यापासनं."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. साहेबांना वाटलं असणार, जो माणूस भर सभेत मुलीसाठी पाण्याविषयी खोटं सांगतो, तो वहीत खरंच लिहीत असेल कशावरून? त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पुढं त्या दोन-चार दिवसांत मी पाहिलं, भांडण घेऊन येणारी माणसं आता "पाटकऱ्याला विचारा" म्हणत नव्हती. मोजणीदार कधी येतो ते विचारत होती. तात्या पायरीवर बसून त्यांना वेळ सांगायचे.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "मी सायबांकडं जाते. सांगते, तुमाला सगळं ठावं हुतं. आदल्या दिशीच तुमी मला सांगितलं हुतं. माज्यासाठनं तुमी तसं बोलला."

"मंग तू जानूनबुजून खोटं बोललीस असं हुईल. बक्षीस काडून घेतील."

"घेऊ द्या." मी म्हटलं खरं, पण त्या शब्दाला जोर नव्हता हे मला ऐकू आलं. त्यांनाही आलं असेल.

"न्हाय," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ दे. मी काय, हितंच हाय. तुला जायाचं हाय." त्यांनी चावी खांद्यावर घेतली आणि ते दाराकडे गेले.

सुट्टी संपवून मी बारामतीला आले. कालव्याची कचेरी आमच्या शाळेच्या वाटेवरच होती. साहेब व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे. पुण्याला जायच्या आधी शाळा संपेपर्यंत सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना मी रोज त्यांच्या समोरून गेले. ते कधी कधी मान वर करून ओळखीचं हसायचे. कचेरीला तीन पायऱ्या होत्या. मी एकदाही चढले नाही.